सिग्नलला थरथरणारी गाडी

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे कार्बोरेटरवर चालणारी, चार सिलिंडरची एक जुनी मोटार होती. रस्त्याला लागली की ती उत्तम चालायची. घाट विनातक्रार चढायची. पण सिग्नलला थांबलो, की तिला हुडहुडी भरायची. स्टीअरिंग थरथरायचे, आरशातले दृश्य धूसर व्हायचे आणि चार-पाच सिग्नलांतून एखाद्या ठिकाणी इंजिन चक्क बंद पडायचे. दिवा हिरवा, गाडी मुकी आणि मागे हॉर्नचा कल्लोळ!

गॅरेजमध्ये नेली की मात्र ती शहाण्यासारखी वागायची. दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवताच मुलाचा ताप उतरावा, तसा प्रकार. मेकॅनिकने पहिल्या खेपेस प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर खोलून धुतला आणि आयडलिंगचा स्क्रू थोडा आवळून इंजिनाची गती वाढवून दिली. आठ दिवस बरे गेले. मग पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेस कार्बोरेटरचे आतले सुटे भाग नवे बसले. पेट्रोल जास्त लागू लागले, थरथर तशीच राहिली. तिसऱ्या खेपेस त्याने निदान केले, "सर, रिंगा गेल्यात. इंजिन उतरवावं लागेल." खर्चाचा आकडा माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा होता.

मी जवळजवळ तयार झालो होतो. दोष त्या मेकॅनिकचा एकट्याचा नव्हता. मी दर वेळी त्याला एकच वाक्य सांगत होतो, 'सिग्नलला थांबलो की थरथरते.' त्या वाक्यात जवळजवळ सगळे उत्तर होते आणि ते दोघांच्याही लक्षात आले नाही. वाचकांनी हे वाक्य ध्यानात ठेवावे. तोवर आपण उभ्या गाडीचे इंजिन नेमके काय करत असते ते पाहू.

गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही. या अवस्थेला आयडलिंग म्हणतात. वर्गात एक प्रश्न विचारून पाहा : या वेळी इंजिनाची कार्यक्षमता किती? मुले वीस टक्के, पंचवीस टक्के अशी पुस्तकातली उत्तरे देतील. खरे उत्तर शून्य आहे. पेट्रोल जळते, पण चाकांपर्यंत काहीच पोचत नाही. सगळी ऊर्जा इंजिनाचे स्वतःचे घर्षण, हवा आत ओढण्याचे श्रम, पंखा आणि वीज तयार करणारे यंत्र यांतच खर्च होते. इंजिन जेमतेम स्वतःला फिरवत असते. शिल्लक काही नसते. म्हणूनच वेगात असताना पचून जाणारा दोष या अवस्थेत उघडा पडतो.

थोडा हिशेब करू. आपल्याकडे घरोघरी पोचलेल्या मारुती ८०० चे उदाहरण घेऊ. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या आणि २०१४ च्या जानेवारीत उत्पादन थांबलेल्या या गाडीचे इंजिन ७९६ घन सेंटिमीटरचे, तीन सिलिंडरचे. आयडलिंगला ते मिनिटाला ९०० फेरे घेते असे धरू, म्हणजे सेकंदाला १५. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, म्हणजे सेकंदाला साडेसात. तिन्ही मिळून साडेबावीस. मुंबईच्या जुन्या टॅक्सीतल्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन चार सिलिंडरचे, त्यात हाच आकडा ३० होतो.

आता हवा किती लागते? दोन फेऱ्यांत सगळे सिलिंडर एकदा भरतात. मिनिटाला ४५० वेळा ७९६ घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३५८ लिटर. पण आयडलिंगला हवेच्या वाटेतली झडप, म्हणजे थ्रॉटल, जवळजवळ बंद असते. सिलिंडरमध्ये हवा शिरते, पण ती बाहेरच्या हवेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी विरळ असते. तेव्हा प्रत्यक्षात आत जाते ती मिनिटाला सुमारे १०० लिटर हवा. तिचे वजन १२० ग्रॅमच्या आसपास. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे मिनिटाला आठ ग्रॅमच्या जरा वर, साधारण ११ मिलिलिटर पेट्रोल. सेकंदाच्या साडेबावीस स्फोटांत ते वाटले, तर एका स्फोटाच्या वाट्याला थेंबाचा जेमतेम सहावा हिस्सा येतो. (मिलिलिटरला वीस थेंब धरले आहेत. ड्रॉपर घेऊन मुलांकडून मोजून घ्यायला हरकत नाही.)

थेंबाचा सहावा हिस्सा, सेकंदाला साडेबावीस वेळा, न चुकता, आणि तिन्ही सिलिंडरांत सारखा. कार्बोरेटरसारखे साधे, मेंदू नसलेले यंत्र हे काम करते याचेच मला अजून नवल वाटते. त्यातल्या आयडलिंगच्या जेटचे छिद्र सुईच्या टोकाएवढे असते. त्यात पेट्रोलच्या टाकीतल्या गंजाचा एक कण अडकला, की हिशेब कोलमडतो.

आता दुसरी बाजू. थ्रॉटल बंद आणि दट्ट्ये, म्हणजे गॅरेजच्या भाषेत पिस्टन, हवा ओढत आहेत. त्यामुळे थ्रॉटल आणि सिलिंडर यांच्यामधल्या नळीत, मॅनिफोल्डमध्ये, दाब पुष्कळ उतरतो. बाहेर पाऱ्याचा ७६० मिलिमीटर दाब असेल, तर आत अडीचशे ते तीनशे. या नळीला किंवा तिच्यापासून निघालेल्या एखाद्या रबरी पाइपला कुठे चीर पडली, तर बाहेरची हवा तिथून आत घुसते. कार्बोरेटरला या हवेचा पत्ता नसतो, त्यामुळे तो तिच्यासाठी पेट्रोल देत नाही. मिश्रण पातळ होते. मेकॅनिक याला 'गाडी एअर घेते' असे म्हणतात. शब्द अगदी नेमका आहे.

ही 'एअर' किती? आतला दाब बाहेरच्या निम्म्याहून थोडा वर असतो, त्या मर्यादेखाली तो गेला की छिद्रातून जाणाऱ्या हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचतो आणि तिथे अडतो. आत आणखी ओढ वाढवली तरी जास्त हवा येत नाही. दोन मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून अशा वेळी मिनिटाला सुमारे २५ लिटर हवा आत येते. इंजिनाला लागणारी हवा १०० लिटर, त्यात २५ लिटर बिनहिशेबी! मिश्रणातले प्रमाण १४.७ वरून १८ च्या पुढे जाते. आयडलिंगला सिलिंडरमध्ये मागच्या स्फोटातला जळका वायूही बराच उरलेला असतो, त्यामुळे इतके पातळ मिश्रण कधी पेटते, कधी पेटत नाही.

तेच इंजिन पूर्ण उघड्या थ्रॉटलवर मिनिटाला ४५०० फेऱ्यांनी धावताना पाहा. आता हवा लागते मिनिटाला हजार लिटरच्या बरीच वर. शिवाय थ्रॉटल उघडे असल्यामुळे आतला आणि बाहेरचा दाब जवळपास सारखा, म्हणजे छिद्रातून फारसे काही येतच नाही. जे येते ते शेकड्याला एकही भरत नाही. जोडीला फ्लायव्हीलची मदत असते. फिरत्या चाकातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ३००० फेऱ्यांना ती ९०० फेऱ्यांच्या सुमारे ११ पट असते. एखादा स्फोट हुकला तरी फ्लायव्हील तो खड्डा भरून काढते. आयडलिंगला ते गरीब असते.

यातून निदानाचा पहिला प्रश्न आपोआप निघतो : गाडी रेस केल्यावर थरथर जाते की राहते? गेली, तर संशय आयडलिंगच्या जेटवर किंवा बाहेरून घुसणाऱ्या हवेवर. वेगातही राहिली आणि चढावर दम लागला, तर ठिणगी किंवा कॉम्प्रेशन पाहावे. माझी गाडी घाट विनातक्रार चढत होती. रिंगा झिजल्या असत्या तर ते जमले नसते, आणि सायलेन्सरमधून निळसर धूरही आला असता. 'इंजिन उतरवा' हा सल्ला एवढ्या विचारानेच बाद व्हायला हवा होता.

दुसरा प्रश्न थरथरीच्या लयीचा. सायलेन्सरच्या तोंडापासून थोड्या अंतरावर कागदाची पट्टी धरून ऐकावे आणि पाहावे. फट्फट्फट्… फट्फट्फट्… अशी ठरावीक अंतराने जागा रिकामी जात असेल, तर एकच सिलिंडर मेलेले आहे. सेकंदाला साडेसातची ही संथ लय इंजिनाखालच्या रबरी माउंटिंगना पचत नाही, ती थेट आसनापर्यंत येते. चारांतले एक गेले तर पाव जोर जातो, तिनांतले गेले तर तिसरा हिस्सा. मारुतीत बसलेल्याला ते लगेच कळते. लय मुळीच नसेल, कधी हा स्फोट हुकतो कधी तो, तर दोष सगळ्यांना सामाईक अशा ठिकाणी, बहुधा मिश्रणात, शोधावा.

मेलेले सिलिंडर शोधायची पद्धत शास्त्रीय प्रयोगाचा उत्तम नमुना आहे. एकेका प्लगची वायर काढून इंजिन चालवायचे. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की गती उतरते. जिची काढल्याने काहीच फरक पडत नाही, ते सिलिंडर आधीच काम करत नव्हते. समजा, दुसरे मेले आहे. आता दुसऱ्या आणि तिसऱ्याचे प्लग आपसांत बदलायचे, बाकी कशाला हात लावायचा नाही. दोष तिसऱ्याकडे गेला, तर प्लग खराब. दुसऱ्यातच राहिला, तर तसेच वायरचे करून पाहायचे. तरीही तिथेच असेल, तर आतला मामला, म्हणजे व्हॉल्व्ह, टॅपेट, रिंगा. तिथे कॉम्प्रेशन मोजावे. दाब कमी भरला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावा. वाढला तर रिंगा सैल, कारण ऑइलने ती फट तात्पुरती भरली. न वाढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. टॅपेटबद्दल एक गैरसमज सांगून पुढे जातो. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून लोक खूश असतात, पण तो फार घट्ट असेल तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. थंड गाडी गुळगुळीत आणि गरम झाल्यावर थरथर, हे त्याचे लक्षण.

इथे सावधगिरीचे चार शब्द आवश्यक आहेत. प्लगच्या वायरीत हजारो व्होल्टचा दाब असतो. वायर काढायची ती इंजिन बंद करून, आणि सुटे टोक इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवायचे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीवर हा प्रयोग करू नये. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीवरही नको, कारण न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन तो भयंकर तापतो. आपल्याकडे चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. ओढणी, पदर, सैल बाह्या पंख्याच्या पट्ट्यापासून दूर हव्यात. आणि बंद शेडमध्ये इंजिन कधीही चालवत ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मिश्रणाचा दोष असेल तर चोक हा उत्तम परीक्षक आहे. गरम इंजिनावर चोक अगदी थोडा ओढायचा. त्याने हवा कमी होते, मिश्रण दाट होते. थरथर कमी झाली, तर मिश्रण मुळात पातळ होते, म्हणजे जेट तुंबले आहे किंवा बाहेरून हवा येते आहे. वाढली, तर मिश्रण आधीच दाट होते. एका हालचालीत निम्मे संशयित सुटतात. हातात हत्यारसुद्धा लागत नाही.

आता माझ्या गाडीकडे वळू. आमच्या कॉलनीत आयटीआयमधून निवृत्त झालेले एक निदेशक राहतात. त्यांच्या कानावर ही कथा घातली. मला वाटले, ते हत्यारांची पेटी घेऊन येतील. ते हात मागे बांधून आले आणि म्हणाले, "सर, गाडी नंतर बघू. आधी सांगा, घरासमोर उभी असताना थरथरते का?"

"फारशी नाही."

"मग सिग्नलला तुम्ही वेगळं काय करता?"

मी विचारात पडलो. गिअर न्यूट्रलला, क्लच सोडलेला, घरासमोर असतो तसाच. ते म्हणाले, "आमच्या गल्लीला उतार नाही. आणि आपल्या चौकाला?" चौकाला चांगलाच उतार आहे. तिथे मी ब्रेकवर पाय ठेवून उभा राहतो!

इंजिन चालू केले. त्यांनी मला ब्रेक दाबून धरायला सांगितले. हुडहुडी सुरू. पाय काढला, बंद. पुन्हा दाबला, पुन्हा सुरू. मग त्यांनी बागेतल्या रबरी नळीचा हातभर तुकडा मागवला, एक टोक कानाला लावले आणि दुसरे डॅशबोर्डखाली ब्रेकच्या दांड्याजवळ धरले. मलाही ऐकवले. पाय दाबलेला असेपर्यंत अखंड 'स्स्स्' असा आवाज. गॅरेजमध्ये तीन खेपांत हे कुणाला का दिसले नाही, तेही उघड होते. बॉनेट उघडून इंजिनावर वाकलेल्या माणसाचा पाय ब्रेकवर नसतो.

आता हे ब्रेकचे प्रकरण इंजिनापर्यंत कसे पोचले? ब्रेक दाबायला कमी जोर लागावा म्हणून अनेक गाड्यांत बूस्टर नावाचा पत्र्याचा डबा असतो. त्यात मधोमध रबरी पडदा असतो आणि डबा मॅनिफोल्डला नळीने जोडलेला असतो, म्हणून पडद्याच्या दोन्ही अंगांना कमी दाब असतो. ब्रेक दाबला की चालकाच्या बाजूने बाहेरची हवा आत येते आणि पडद्याला पुढे रेटते. पडद्याचा व्यास १६ सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर. दाबातला फरक दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलो. म्हणजे आपल्या पायाच्या मदतीला १२० किलोंचा रेटा! पुस्तकातल्या माग्देबुर्गच्या अर्धगोलांना जो रेटा एकत्र धरून ठेवतो, तोच इथे कामाला लावलेला आहे.

माझ्या बूस्टरचा पडदा फाटला होता. पाय दाबला की आत आलेली हवा पडदा रेटण्याऐवजी चिरेतून पलीकडे जाई आणि नळीतून सरळ मॅनिफोल्डमध्ये. आमच्या वरच्या हिशेबातली बिनहिशेबी हवा ती हीच. निदेशकांनी बूस्टरची नळी चिमट्याने दाबून बंद केली आणि मला पुन्हा ब्रेक दाबायला लावला. थरथर नाही. ही शेवटची खात्री त्यांना हवी होती. संशय येणे वेगळे आणि तो सिद्ध होणे वेगळे, हे मी वर्गात कैकदा सांगितले होते.

चिमटा लावलेला असताना ब्रेकचा पाय दगडासारखा कठीण लागला, तेव्हा माझ्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. गेले काही महिने ब्रेकला पूर्वीपेक्षा जास्त जोर लागत होता. वयाचा परिणाम समजून मी ते सोडून दिले होते. आम्ही तीन वेळा इंजिनावर पैसे घालत होतो आणि दोष ब्रेकमध्ये होता. घाटात उतरताना पडदा पुरता फाटला असता, तर ब्रेक लागला असता, पण लागायला पाहिजे तितक्या जोराने बहुधा लागला नसता. तिथून पुढे बूस्टर बदलेपर्यंत ती गाडी जागची हलवली नाही.

हवेची गळती नेहमी इतकी सोयीस्कर ठिकाणी नसते. कार्बोरेटरच्या बुडाचे पॅकिंग, मॅनिफोल्डचे जोड, वाळून तडकलेल्या बारीक रबरी नळ्या, ही नेहमीची ठिकाणे. रबरी नळीचा तुकडा कानाला लावून फिरवावा. किंवा संशयित जोडावर बाटलीने पाण्याची बारीक फवारणी करावी. पाणी क्षणभर चीर बुजवते आणि इंजिनाचा सूर बदलतो. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनावर, ठिणग्यांच्या शेजारी पेट्रोल! तसे कुणी करताना दिसले तर थांबवावे. ज्यांच्याकडे निर्वातमापक आहे त्यांनी तो मॅनिफोल्डला लावावा. निरोगी इंजिन आयडलिंगला पाऱ्याचा साडेचारशे ते पाचशे मिलिमीटर निर्वात स्थिर दाखवते. मात्र तोच मापक महाबळेश्वरला सुमारे शंभर मिलिमीटर कमी दाखवेल आणि त्यात इंजिनाचा काही दोष नसेल. का, ते मुलांना विचारावे. (महाबळेश्वरची उंची सुमारे १३५० मीटर आहे.)

साधारण २००० सालापासून आपल्याकडच्या नव्या मोटारींतून कार्बोरेटर जात राहिला आणि पेट्रोलची फवारणी संगणकाच्या हाती गेली. तिथेही चिरेतून हवा येतेच. फरक एवढाच की एक्झॉस्टमधला ऑक्सिजन जास्त दिसला की संगणक जादा पेट्रोल सोडून तो दोष काही काळ झाकतो.

आमच्या मेकॅनिकनेही झाकलेच होते, आणि ते उलगडायला आणखी एक दुपार गेली. नवा बूस्टर बसवल्यावर गाडी गुळगुळीत चालेल या आनंदात मी चावी फिरवली. ब्रेक मऊ, फुसफुस नाही, थरथर नाही, पण इंजिन उभ्या जागी १२०० फेऱ्यांनी पळत होते आणि पेट्रोलचा उग्र वास येत होता. प्लग काढून पाहिले तर काजळी. तीन खेपांत गती वाढवलेली, मिश्रण दाट केलेले आणि पॉइंटची फटही बदललेली होती. निदेशकांनी आधी फीलर गेजने पॉइंटची फट जागेवर आणली. मग गतीचा स्क्रू सैल केला. शेवटी मिश्रणाचा स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत, दर वेळी थांबून कान देत, गती सर्वांत जास्त आणि आवाज सर्वांत सारखा लागतो त्या जागी सोडला. प्रत्येक पायरीनंतर ते मला आकडा वहीत लिहायला सांगत होते. ती वही अजून माझ्याकडे आहे, गाडी नाही.